गुहेतली हाडं कुणी आणली? संशयितांच्या यादीत माणूस शेवटी

जुन्नर, भोर, वेल्ह्याच्या डोंगरांतून आलेल्या ट्रेकच्या फोटोंत कधी ना कधी असा एक फोटो असतोच: कपारीच्या तोंडाशी पडलेली दहा-बारा हाडं, मध्ये एखादी बैलाची कवटी, आणि खाली प्रश्न, ‘इथे आदिमानव राहत असेल का?’ बहुतेक वेळा तिथे राहत असतं ते तरस. नाहीतर साळिंदर. कधी दोघंही, आळीपाळीने.

यात फसतात ते फक्त हौशी लोक असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाट गुहेतली हाडं पाहून रेमंड डार्ट यांच्यासारख्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात सिद्धान्त मांडला, की ऑस्ट्रॅलोपिथेकस (माणसाचे लाखो वर्षांपूर्वीचे पूर्वज) शिकार करून गुहेत आणत आणि हाडं, दात, शिंगं हत्यारं म्हणून वापरत. पुढे जीवाश्मांचे अभ्यासक सी. के. ब्रेन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्स गुहेतल्या हाडांवर कित्येक वर्षं काम केलं. तिथल्या एका कोवळ्या वयाच्या आदिमानवसदृश प्राण्याच्या कवटीला मागे दोन भोकं होती, आणि त्याच गुहेत मिळालेल्या बिबट्याच्या जबड्याचे खालचे सुळे त्या भोकांना जुळले. ज्याला शिकारी समजत होते, तो बिबट्याचं जेवण होता.

म्हणून पहिला नियम: गुहेत माणसाचा हात गृहीत धरायचा नाही, तो सिद्ध करायचा. आधी तरस, बिबट्या, साळिंदर, घुबड, पाणी आणि गुरुत्वाकर्षण यांना विचारून घ्यायचं. पुढे जे लिहिलं आहे ते एम.ए.च्या विद्यार्थ्यांना, उत्खननावर मदतीला जाणाऱ्यांना आणि मन लावून पाहणाऱ्या ट्रेकरना उपयोगी पडावं असं.

पुण्यातून सुरुवात करताना

भाजे, कार्ले, पाताळेश्वर ही कोरलेली लेणी आहेत. तिथे हाडांचे थर शोधू नका. हजारो वर्षांची हाडं सांभाळून ठेवणाऱ्या गुहा बहुतेक करून चुनखडकात असतात, कारण चुनायुक्त पाण्यात हाड विरघळत नाही. आपला सह्याद्री बसाल्टचा. त्यामुळे आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं खरं मैदान म्हणजे आंध्रातल्या कर्नूल भागातल्या गुहा. बेतमचर्लाजवळच्या बिल्ला सुरगम गुहांत भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मुलाच्या मदतीने 1880च्या दशकात खोदकाम केलं. मुच्छटला चिंतामणू गवी या गुहेत एम. एल. के. मूर्ती यांनी 1970च्या दशकात उत्खनन केलं. बिल्ला सुरगमच्या थरांवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 2 लाख वर्षांचा आढावा घेतला होता. त्यात ओळखता आलेल्या 21 प्रकारच्या सस्तन प्राण्यांपैकी 20 शेवटपर्यंत टिकल्याचं दिसलं. असला निष्कर्ष काढायचा तर आधी ती हाडं गुहेत कशी आली हे ठाऊक असावं लागतं. नाहीतर एका घुबडाची आवडनिवड म्हणजेच त्या काळचं जंगल असं समजून बसाल.

बसाल्टच्या कपारींत जुनं काही नसतंच, असंही नाही. सौदी अरेबियातली उम्म जिरसान ही लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली नळीसारखी गुहा आहे, लांबी सुमारे दीड किलोमीटर. तिथल्या हाडांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. 1,917 हाडं तपासली, किमान 14 प्रकारचे प्राणी निघाले, वयं जवळपास 7 हजार वर्षांपासून अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत. त्यात माणसाच्या कवट्यांचे वरचे भागसुद्धा होते. हा सगळा उद्योग पट्टेरी तरसांचा. सासवड-बारामतीच्या माळावर फिरणारं तरस त्याच जातीचं आहे.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार वन्य प्राण्याचं हाड, शिंग, दात, साळिंदराचं पीस, काहीही उचलून घरी आणायचं नाही, प्राणी मेलेला असला तरी. प्राचीन स्थळावर परवान्याशिवाय खणणं हाही गुन्हा आहे. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, जागा नोंदवा आणि पुढे चला. ओल्या विष्ठेचा किंवा कुजक्या मांसाचा वास येणाऱ्या कपारीत डोकं घालू नका, घरमालक आत असू शकतो. वर कड्याला आग्या मोहोळ नाही ना हेही पाहा. वटवाघळांच्या गुहेत मास्क लावल्याशिवाय जाऊ नये. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुफ्फुसाला बाधते.

1. हाड उचलण्याआधी गुहा वाचा

हाडापेक्षा गुहा जास्त बोलते. छताला उभं विवर आहे का? असेल तर ती नैसर्गिक सापळ्याची जागा असू शकते: वरून प्राणी पडले, बाहेर येता आलं नाही, मेले. अशा ठिकाणी सांगाडे बऱ्यापैकी पूर्ण मिळतात, मणके एकमेकांना जोडून असतात, दातखुणा नगण्य असतात. मेलेल्यांच्या वासाने आत उतरलेले मांसभक्षकही अडकतात, त्यामुळे त्यांचीच संख्या जास्त भरली तरी ती गुहा कुणाचं घर ठरत नाही.

पाणी आत येत असेल तर लांब हाडं एका दिशेला आडवी झालेली दिसतील, कडा गोल झालेल्या असतील, आणि एका जागी साधारण एकाच आकाराचे तुकडे जमले असतील. दिशा होकायंत्राने मोजून लिहा. नंतर आठवत नाही.

ढीग गुहेत नेमका कुठे आहे, हेही पाहा. उजेडात, तोंडाशी, राखेच्या आणि दगडी छिलक्यांच्या (हत्यारं घडवताना उडालेल्या कपच्यांच्या) सोबत? की आत, वाकून जावं लागेल अशा अंधाऱ्या बोळात? माणूस धूर बाहेर जाईल अशा जागी बसतो. तरसाला अरुंद बोळ आवडतात, पिलांना तिथे मोठं जनावर गाठू शकत नाही. घुबडाच्या बैठकीखाली बारीक हाडांची रास जमते, तेव्हा वर मान करून पांढरे ओघळ शोधा.

गाळ चाळल्याशिवाय टाकायचा नाही. 1 ते 2 मिलिमीटरच्या जाळीतून, शक्य तर पाण्याने धुऊन. जुन्या उत्खननांत ‘ओळखू येणारी’ हाडं म्हणजे दात आणि सांध्यांची टोकं ठेवली जात, लांब हाडांच्या मधल्या नळ्यांचे तुकडे फेकले जात. त्याचा परिणाम कित्येक दशकं भोगावा लागला. संग्रहात उरली फक्त डोकी आणि पाय, आणि त्यावरून लोकांनी लिहिलं, की इथल्या माणसांना चांगलं मांस मिळतच नव्हतं, दुसऱ्यांनी खाऊन उरलेलं ते उचलत. खरं तर मांसाच्या हाडांच्या नळ्या उत्खनकाच्याच कचऱ्यात गेल्या होत्या. तेव्हा कुठलाही जुना संग्रह हाती घेतला की पहिला प्रश्न हा: काय टाकून दिलं होतं?

2. धुणं आणि मांडणं

मऊ ब्रश, साधं पाणी, सावलीत वाळवणं. तारेचा ब्रश नको, सुई नको. गाळ काढताना सुईने ओढलेली रेघ पुढे कुणीतरी कापखूण म्हणून मोजेल. ताजी रेघ ओळखता येते, कारण तिच्या आतला रंग हाडाच्या रंगाहून फिका असतो, जुन्या खुणेत मात्र तोच डाग आणि तोच गाळ उतरलेला असतो. चुन्याचं कवच चढलं असेल तर घरगुती प्रयोग न करता लॅबमधल्या अनुभवी माणसाकडे द्या.

हाडावरच शाईने आकडा घालताना पृष्ठभागाची स्वच्छ जागा वाया घालवू नका. पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत, एक बाहेर: गुहा, चौकोन, थर, खोली, तारीख.

3. कोण मेलं आणि किती

प्रजाती ओळखायला तुलनेसाठी खरे सांगाडे लागतात. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वीय प्राणिशास्त्राचं काम अनेक दशकं चालू आहे आणि तुलनेचा संग्रह आहे. रीतसर परवानगी काढून तिथे बसणं हे चार पुस्तकं वाचण्यापेक्षा बरं. शेळी-मेंढी वेगळी काढणं, चितळ आणि काळविटाच्या पायाची हाडं वेगळी काढणं, हे फोटोवरून जमत नाही.

मोजायचं दोन प्रकारे. एक, तुकड्यांची संख्या. दुसरी, कमीत कमी किती प्राणी. शेळीच्या पुढच्या डाव्या पायाच्या दंडाच्या हाडाचं खालचं टोक 7 वेळा मिळालं, तर शेळ्या किमान 7. तुकडे 200 असले तरी 7च.

मग मांसभक्षकांचा वाटा काढा. माणसाच्या वस्तीत कुत्रा, कोल्हा, बिबट्या यांची हाडं तुरळक असतात. तरसाच्या बिळात मात्र मांसभक्षकांचा वाटा ठळक असतो: कुत्री, कोल्हे, आणि खुद्द तरसं. मांसभक्षक आणि खूरवाले यांची प्राणीसंख्या मिळून त्यात मांसभक्षक 20 टक्क्यांहून जास्त असतील तर तरसाचा संशय घ्यावा, असा एक जुना ठोकताळा आहे. तो सगळीकडे लागू पडत नाही हे नंतर दाखवलं गेलं, पण पहिली घंटा म्हणून ठीक. याहून भक्कम पुरावा म्हणजे तरसाच्या पिलांचे दुधाचे दात आणि पांढरी, खडूसारखी विष्ठा. तरस हाडं पचवतं, त्यामुळे विष्ठेत चुना उरतो आणि ती हाडाइतकीच टिकते. विल्यम बकलँड यांनी 1820च्या दशकाच्या सुरुवातीला यॉर्कशरमधल्या किर्कडेल गुहेत हेच ओळखलं. फिरत्या प्राणिसंग्रहातल्या जिवंत तरसाला त्यांनी बैलाची हाडं खायला घातली आणि त्याने टाकलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशी ताडून पाहिले. दोनशे वर्षांपूर्वीचा प्रयोग, पण पद्धत आजही तीच.

वयही लिहा. दातांची झीज आणि हाडांची टोकं जुळली आहेत की सुटी आहेत यावरून पिल्लू, जवान, म्हातारं एवढं तरी कळतं.

4. कोणता अवयव आहे, कोणता नाही

इथे नवशिके हमखास घसरतात. दंडाच्या हाडाची खालची टोकं भरपूर, वरची एकही नाही, म्हणजे शिकाऱ्याने वरचा भाग दुसरीकडे नेला, असा तर्क चटकन सुचतो. ब्रेन यांनी नामिबियातल्या कुईसेब नदीकाठच्या वस्त्यांत लोकांनी खाल्लेल्या आणि मग कुत्र्यांनी चघळलेल्या शेळ्यांची हाडं गोळा केली. तिथेही असंच दिसलं: जबडे आणि दंडाची खालची टोकं टिकली, वरची नाहीशी झाली. कुणी कुठे काही नेलं नव्हतं. खालचं टोक घट्ट असतं आणि लवकर जुळतं, वरचं टोक स्पंजासारखं, चरबीने भरलेलं आणि उशिरा जुळणारं. कुत्रा ते संपवतोच.

म्हणून अवयवांचा तक्ता काढल्यावर आधी विचारा, की उरलेली हाडं ही फक्त घट्ट हाडं आहेत का? तसं असेल तर तक्ता वाहतुकीबद्दल काहीच सांगत नाही.

5. तुटलंय कसं

हाड ओलं असताना, म्हणजे आत मज्जा आणि कोलाजेन शाबूत असताना तुटलं, तर भेग नळीभोवती वळत जाते. कड गुळगुळीत आणि तिरपी, टोक निमुळतं. वाळलेलं हाड तुटतं आडवं, कड खडबडीत, पृष्ठभागाशी काटकोनात. या दोहोंवरून तुटण्याची वेळ कळते, तोडणारा नाही. ओलं हाड दगडाने फोडा किंवा जबड्याने, वळण तसंच येतं. छत कोसळून सगळं चिरडलं असेल तर वाळक्या भेगा जास्त मिळतील. ताज्या, पांढऱ्या कडा म्हणजे तुमच्याच कुदळीचं काम.

तोडणारा ओळखायला नळीचा घेर पाहा. तरस दोन्ही टोकं खात येतं, मग मधली नळी सिलिंडरसारखी उरते, दोन्ही तोंडं करवतलेली, पण घेर पूर्ण. माणूस मज्जेसाठी नळीच फोडतो, तेव्हा घेराचा अर्धा किंवा पाव भाग असलेल्या लांबट ढलप्या पडतात. पूर्ण घेराच्या नळ्या भरपूर असतील तर दातवाल्यांकडे बघा.

6. पृष्ठभागावरच्या खुणा

वेळ घालवायचा तो इथे. सामान साधं आहे: 10 पट आणि 20 पट मोठं दाखवणारं भिंग, एक टेबललॅम्प, काळं कापड. दिवा वरून लावू नका. तो टेबलाच्या पातळीला, एका बाजूने, जवळजवळ आडवा ठेवा आणि हाड हळूहळू फिरवा. समोरून सपाट वाटणाऱ्या जागी आडव्या उजेडात अचानक सावली उभी राहते. 2 सेंटिमीटरहून मोठा प्रत्येक तुकडा असा पाहायचा, ‘चांगले’ निवडून नव्हे. निवडलेत तर टक्केवारीला अर्थ राहणार नाही.

कापखूण: बारीक, सरळ, आडव्या छेदात इंग्रजी व्ही अक्षरासारखी. भिंगाखाली त्या चरीच्या भिंतींवर आणखी बारीक, समांतर रेघा दिसतात, कारण दगडी पात्याची धार कधीच एकसंध नसते. खुणा समांतर गटात येतात आणि त्यांच्या जागेला कारण असतं: सांध्याजवळ असतील तर सांधा सोडवला, नळीच्या मध्यावर असतील तर मांस काढलं, खुराजवळ किंवा कपाळावर असतील तर कातडं सोललं. कारण नसलेल्या जागी, वाटेल त्या दिशेला गेलेली रेघ असेल तर थांबा.

थांबायचं ते तुडवण्यामुळे. वाळूमिश्रित जमिनीवर पडलेल्या हाडावर गुरांचे पाय पडले की वाळूचे कण हाडावर घासतात आणि हुबेहूब कापखुणेसारख्या रेघा उमटतात. फरक इतका, की त्या उथळ असतात, पसरट, वेड्यावाकड्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि त्यांच्यासोबत पृष्ठभागाला एक सर्वसाधारण झिलई आलेली असते. इथिओपियातल्या डिकिका इथे मिळालेल्या, सुमारे 34 लाख वर्षं जुन्या दोन हाडांवरच्या खुणा कापखुणा असल्याचा दावा 2010 साली झाला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी त्या तुडवल्याने आलेल्या असू शकतात असं म्हटलं. जाणकारांतही एकमत होत नाही, तेव्हा आपण एका रेघेवर इमारत बांधू नये. जमिनीचा पोतही नोंदवा. बारीक मऊ मातीच्या थरात तुडवण्याच्या रेघा कमी, भरड वाळूत जास्त.

आघातखूण: दगडाने नळी फोडली की कडेला अर्धगोल खाच पडते, आतल्या बाजूने मोठी ढलपी निघते. खाचेच्या आसपास लहानशा जागेत बारीक चऱ्यांचा पुंजका दिसतो, दगडाच्या खडबडीत तोंडाचा. दातानेही खाच पडते, पण ती सहसा लहान आणि जास्त गोल असते, आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या दाताची खूण सापडते.

दातखुणा: खळगे, आरपार भोकं आणि ओरखडे. ओरखड्याचा तळ गोलसर, इंग्रजी यू सारखा, आत बारीक रेघा नाहीत. जागा म्हणजे मुख्यतः हाडाची टोकं, जिथे चरबी असते. खळग्यांची लांबी-रुंदी मोजून ठेवा. नळीसारख्या घट्ट जागेवरचे मोठे खळगे मोठ्या जबड्याकडे बोट दाखवतात. टोकावरच्या मऊ हाडात लहान दातही मोठा खळगा पाडतो, म्हणून दोन्ही जागांची मापं मिसळू नका. आणि माप जुळलं म्हणून प्राण्याचं नाव लिहू नका. कुत्रा, लांडगा, बिबट्या यांची मापं एकमेकांत शिरतात.

साळिंदर: ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. रुंद, सपाट तळाच्या, एकमेकींना खेटून असलेल्या समांतर चऱ्या, रंध्याने लाकूड तासावं तशा, हाडाच्या कडेवरून आत जाणाऱ्या. साळिंदराला मांसाशी देणंघेणं नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला आणि बहुधा खनिजांसाठी ते वाळलेलं, चरबी गेलेलं हाड कुरतडतं. म्हणून त्याच्या बिळात उन्हात करडी पडलेली, भेगाळलेली हाडं मिळतात. गुहेच्या सावलीत हाड इतकं पिकत नाही, म्हणजे ते बाहेर बराच काळ पडून मग आत आलं. उन्हाने होणाऱ्या या झिजेच्या 0 ते 5 पायऱ्या अभ्यासक बेहरेन्समेयर यांनी 1978 साली केनियातल्या अंबोसेलीच्या अभ्यासातून ठरवून दिल्या, त्याच वापरा. साळिंदराच्या घरात अर्ध्याहून जास्त हाडं कुरतडलेली असणं नेहमीचं. मात्र पाच-सहा कुरतडलेल्या हाडांवरून ‘साळिंदराने गोळा केलं’ म्हणू नका. ते नंतर येऊन दुसऱ्याच्या ढिगाची चव घेऊन गेलं असेल.

पचन: हाडाचा तुकडा पोटातून गेला की कडा कागदासारख्या पातळ होतात, पृष्ठभागावर बारीक भोकं पडतात, वर ओली चमक राहते. पायांच्या बोटांची लहान हाडं अशी मिळाली तर तरसाने ती सबंध गिळली होती. हौशी लोकांना त्या भोकांत मणी दिसतात.

मुळं: झाडाच्या मुळांनी कोरलेल्या नागमोडी, शाखा फुटलेल्या चऱ्या. यात गोंधळ होत नाही, पुढे जाऊ.

आता काळा रंग, कारण गुहेत यानेच सर्वात जास्त फसवलं आहे. जळलेलं हाड तपमानाप्रमाणे तपकिरी, मग काळं, मग करडं, मग पांढरं होतं. काळं साधारण 300-400 अंश सेल्सिअसच्या पुढे, पांढरं साधारण 600च्या पुढे. पण गुहेतल्या ओलाव्यात मँगनीज हाडावर बसतो आणि तोही काळाकुट्ट डाग देतो. तुकड्याची ताजी तुटलेली कड पाहा. जळण्याचा काळेपणा आत उतरलेला असतो, मँगनीजचा वरवर राहतो, ठिपक्यांत किंवा फांद्यांसारख्या नक्षीत पसरतो. शंका राहिली तर इन्फ्रारेड तपासणी करून घ्यावी. आणि जळालेलं ठरलं तरी चूल ठरत नाही. जमिनीत पुरलेली जुनी हाडं वरच्या थरातल्या शेकोटीनेही भाजतात.

7. उंदीर-चिचुंद्र्यांचा वेगळा ट्रे

बारीक हाडं मोठ्यांच्या ढिगात मिसळू नका. त्यांचा आणणारा बहुधा वेगळाच असतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर बसणारं गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून ओकतं. त्या गोळीत कवट्या चांगल्या शाबूत असतात, दातांवर पचनाची खूण अगदी थोडी. शृंगी घुबडाच्या गोळीत थोडी जास्त. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांत आणखी जास्त, आणि कोल्हा-रानमांजरांच्या विष्ठेतून आलेल्या दातांचं तर लोणी झालेलं असतं. पीटर अँड्र्यूज यांनी 1990 साली या झिजेच्या पाच पायऱ्या मांडल्या. दाढांची कड आणि मांडीच्या हाडाचं डोकं, एवढं पाहिलं तरी पायरी ठरवता येते. वटवाघळं याला अपवाद: ती तिथेच राहतात, तिथेच मरतात.

8. हात बसवायचा तर मटणाची नळी

भिंगाखाली पाहिलेलं डोळ्यात बसवायला प्रयोगाला पर्याय नाही. खाटकाकडून न तोडलेल्या चार-पाच नळ्या आणि दोन पाये मागून घ्या, ‘सत्तूर लावू नका’ हे आधी सांगा. तो विचित्र नजरेने पाहील. डोंगरउतारावर सापडते ती गारगोटी किंवा चर्ट (धारदार फुटणारा कठीण दगड) फोडून पातं काढा. एका नळीवरचं मांस त्या पात्याने कापा, दुसरीवरचं स्टीलच्या सुरीने. तिसरी नळी सपाट दगडावर ठेवून गोट्याने फोडा आणि प्रत्येक ढलपी जपून ठेवा. चौथी ओळखीच्या कुत्र्याला द्या आणि कंटाळा येईपर्यंत चघळू द्या. पाचवी, स्वच्छ केलेली, भरड वाळूच्या ट्रेमध्ये अर्धी पुरून बूट घालून तिच्यावर चाला.

मग सगळ्या मंद आचेवर पाण्यात उकळा, थोडी कपडे धुण्याची पावडर घाला, मऊ ब्रशने साफ करा. ब्लीच घालू नका, पृष्ठभाग खाऊन टाकतं. वाळल्यावर घरच्या कुणाला तरी त्या उलटसुलट करून द्यायला सांगा आणि कोणती कोणाची ते भिंगाने ओळखा. दगडी पात्याच्या चरीतल्या त्या समांतर बारीक रेघा आणि स्टीलच्या सुरीची एकच स्वच्छ चीर शेजारी ठेवून पाहिली की पुढे शंका कमी येते. वाळूतली नळी मात्र पहिल्या फेरीत बहुतेकांना कापलेली वाटते.

9. हिशोब, आणि कुणाच्या खुणेवर कुणाची खूण

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक. एका थरात मोठे तुकडे 400. दातखुणा 220 वर. साळिंदराची कुरतड 30 वर. कापखुणा 9. जळालेलं एकही नाही. पूर्ण घेराच्या नळ्या पुष्कळ. तरसाच्या पिलांचे 3 दुधाचे दात, पांढरी विष्ठा, आणि गाय-बैल, गाढव, कुत्रा यांची हाडं.

बिळ तरसाचं, यात वाद नाही. साळिंदर नंतर आलं. प्रश्न त्या 9 कापखुणांचा. इथे ‘माणूसही गुहेत राहत होता’ असं लिहायचा मोह होतो. आधी त्या 9 हाडांवर जागा पाहा. त्या खुराच्या वरच्या हाडांवर आणि जबड्याच्या कडेला असतील तर ते कातडं सोलणं आहे. आपल्याकडे गावाबाहेर मेलेलं जनावर सोलून टाकण्याची रीत होती, आणि ते टाकलेलं जनावर उचलून नेणारं तरसच. म्हणजे कापखुणा खऱ्या, माणूस खरा, पण तो गुहेत कधी आलाच नाही.

क्रम पाहायला एकाच जागी दोन खुणा एकमेकींवर आलेल्या शोधा. दाताचा खळगा कापखुणेला तोडून जात असेल तर चाकू आधी. कापखूण खळग्याच्या तळातून जात असेल तर दात आधी. अशी हाडं फार थोडी मिळतात, पण दहा टक्केवाऱ्यांपेक्षा त्यातलं एक मोलाचं. नळीच्या मधल्या भागावर दातखुणा किती, हेही क्रम सांगतं. माणसाने आधी मज्जा काढून घेतली असेल तर प्राण्याला त्या ढलप्यांत रस उरत नाही आणि मधल्या भागावर दातखुणा कमी येतात. प्राणी आधी आला असेल तर मधला भागही दातांनी भरतो.

इटलीतल्या ग्वात्तारी गुहेत 1939 साली निअँडरथलची कवटी दगडांच्या वर्तुळात मिळाल्याचं सांगितलं गेलं, तळाचं भोक मोठं केलेलं पाहून नरमांसभक्षण आणि विधी अशी कथा पुढे अर्धशतक चालली. नंतर कवटीवर दगडी पात्याची एकही खूण सापडली नाही. गुहेत तरसाने कुरतडलेली हाडं मात्र ढिगाने होती.

10. अहवालात काय लिहायचं

थराथराने वेगळं लिहा, गुहेचा एकच निष्कर्ष काढू नका. खालच्या थरात तरस, मधल्यात माणूस, वरच्यात साळिंदर आणि धनगरांची शेकोटी असं अगदी शक्य आहे. प्रत्येक खुणेसाठी तीन रकाने ठेवा: नक्की, बहुधा, अनिश्चित. पृष्ठभाग झिजलेला किंवा कवचाखाली झाकलेला असेल तर तो तुकडा टक्केवारीच्या भाजकातून वगळा आणि किती वगळले ते लिहा. पृष्ठभागच दिसत नाही अशा 300 हाडांना ‘खूण नाही’ म्हणून मोजलं की कुठलाही प्राणी निर्दोष सुटतो.

‘मानवी वस्ती’ हे शब्द वापरायचे तर कापखुणा मांस काढण्याच्या जागी हव्यात, आघातखुणांसह ढलप्या हव्यात, आणि त्याच थरात छिलके, अवजारं किंवा हाडात आत उतरलेला जळका काळेपणा यापैकी काहीतरी हवं. नुसती टोकदार हाडं पुरत नाहीत. टोक तरसही काढतं, आणि वाळूत लोळलेलं टोक झिलईसुद्धा धरतं. अनिश्चितचा रकाना सगळ्यात लांब झाला तर तसाच छापा, आणि त्या तुकड्यांची पेटी वेगळी ठेवा. पुढे कुणीतरी चांगलं भिंग घेऊन येईल तेव्हा त्याला तीच पेटी पहिली लागेल.